पिवळा दिवा

रविवारी सकाळी अख्खं कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढे पिशव्या घेऊन उभं असतं, तेव्हा अक्षता मगदूम रुग्णालयाच्या तळघरात एका लोखंडी कपाटापुढे मांडी घालून बसली होती. मगदूम जैन. त्यांच्या घरी मटण शिजत नाही, त्यामुळे अक्षताचा रविवार मोकळाच असतो, असं रुग्णालयात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सर्व्हरची जी काही उलथापालथ करायची ती रविवारी आणि ती अक्षतानेच करायची, असा मग रिवाजच पडला.

कपाटात दोन सर्व्हर होते. दिसायला साधी काळी खोकी, पंखे घोंघावणारी. पण जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांचे आवाज त्यांच्यात राहत होते.

तंबाखूने या भागातले किती गळे खाल्ले ते कुणाला सांगायला नको. कर्करोगाने स्वरयंत्र काढून टाकलं की माणूस पूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन फिरायचा. मग कंठपट्टी आली. स्वरयंत्र गेलं तरी बोलायची इच्छा काही जात नाही. मेंदू जीभ, जबडा आणि हनुवटीखालच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. गळ्याभोवतीची पट्टी त्या हुकमांचे बारीक विद्युतप्रवाह टिपते, मोबाइलच्या जाळ्यावरून रुग्णालयाच्या सर्व्हरकडे धाडते. सर्व्हर त्यांचे शब्द करतो आणि पट्टीतल्या छोट्या स्पीकरमधून माणूस स्वतःच्या जुन्या आवाजात बोलतो. जुन्या आवाजाचा नमुना घरातल्या रेकॉर्डिंगवरून घेतलेला असतो.

प्रत्येकाचा गळा निराळा, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र संगणक हवा. इतके संगणक ठेवणार कुठे? त्यावर तोड म्हणजे आभासी संगणक. एका मोठ्या घरात भिंती घालून पुष्कळ बिऱ्हाडं ठेवावीत, तसे एका खोक्यात शेकडो संगणक मांडायचे. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, सगळं घर आपलंच आहे. भिंती घालणारा, कुणाला किती वीज, किती जागा ते वाटून देणारा घरमालक म्हणजे हायपरवायझर नावाचा प्रोग्राम. आणि खोक्यात बसवलेलं, प्रवाहांचे शब्द करणारं जे महागडं कार्ड, त्याची बोली या घरमालकाला समजत नाही. दोघांमध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

भांडण याच दुभाष्यावरून होतं. जुनं कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. तिचा ड्रायव्हर अकरा वर्षं तसाच चालला होता आणि तो फक्त जुन्या हायपरवायझरशी बोलायचा. इकडे सरकारी आरोग्यजाळ्याचं फर्मान आलं की जुनी आवृत्ती चालवणारे सर्व्हर पहिल्या तारखेपासून जाळ्याबाहेर काढले जातील, कारण चोरांना त्यातून वाट मिळते. जाळ्याबाहेर म्हणजे एवढी माणसं एका दिवसात मुकी. नवी कार्डं, नवा ड्रायव्हर, नवा हायपरवायझर हे सगळं एकाच वेळी बदलणं भाग होतं.

कुठलं कार्ड कुठल्या आवृत्तीशी जुळतं ते अक्षताने कंपनीकडून आधीच खातरजमा करून घेतलं होतं. तरी पहिल्या खोक्याने नवं कार्ड ओळखलंच नाही. तिने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, खोकं बंद करून चालू केलं, कार्ड उपटून दुसऱ्या खाचेत बसवलं. ढिम्म. शेवटी तिच्या लक्षात आलं की दुभाष्या नवा असला तरी कार्डाच्या पोटातला मूळ प्रोग्राम कारखान्यातून आला तसा जुनाच आहे. आधी तो बदलायचा, मग ड्रायव्हर घालायचा. तिने क्रम उलटवला आणि कार्ड शहाण्यासारखं बोलू लागलं. मग एकेक बिऱ्हाड या खोक्यातून त्या खोक्यात हलवत दुपारपर्यंत तिने दोन्ही खोकी नवी केली. कुणाला कळलंही नाही.

तिने घरी फोन लावला. "आण्णा, बोला बघू काहीतरी."

"काय बोलू? जेवाय ये," आण्णांचा आवाज आला. ताबडतोब आला. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक वाक्याआधी अर्ध्या क्षणाची थांब असायची. अकरा वर्षांत सगळ्यांना तिची सवय झाली होती. आता ती नव्हती. अक्षताला इतका आनंद झाला की तिने तळघरात एकटीनेच टाळी वाजवली.

आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, गुळाच्या बाजारातले जुने आडते. गळा गेला तेव्हा त्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग शोधली, तर सगळी सौद्यातलीच निघाली. घरात हा माणूस बोलताना कुणी टिपलाच नव्हता. त्यामुळे अकरा वर्षं आण्णा पाणीसुद्धा सौदा पुकारल्यासारखं मागत. अक्षताची आई होती तेव्हा म्हणायची, "अहो, हळू. गल्लीतले बोली लावायला येतील." आई जाऊन आता चार वर्षं झाली होती. घरात ही दोघंच.

आणि थोड्या दिवसांनी एकच उरणार होतं. नवी कार्डं बनवणाऱ्या कंपनीने अक्षताला तैपेईला बोलावलं होतं, ड्रायव्हर लिहिणाऱ्या चमूत, तीन वर्षांच्या करारावर. या कामासाठी तिने आयुष्य घालवलं होतं. लग्नाचं राहिलं तेही थोडंफार त्यातच. करारावर सही करून पाठवायची मुदत महिनाअखेरची होती. आण्णा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, जा. सहज म्हणत होते, दुकानात जाऊन ये म्हणावं तसं. तिला ते थोडं लागलंही होतं.

सोमवारपासून फोन सुरू झाले.

पहिला मालनबाई कांबळ्यांच्या मुलाचा. आई व्याह्यांकडे जेवायला गेली होती. विहीणबाईंनी विचारलं, भाजी कशी झालीय? पट्टी बोलली, "खारट," आणि लगेच पुढे, "छान झालीया." दोन्ही त्याच आवाजात, एका दमात. विहीणबाई अजून धुमसत होत्या. दुसरा फोन उचगावच्या एका गृहस्थांचा. ते चुलत्याच्या मयताला गेले आणि सगळे रडत असताना त्यांची पट्टी मोठ्याने म्हणाली, "सुटलो एकदाचं!" त्यांचा दावा होता, आपण तसं काही बोललो नाही. मनात आलं होतं का, असं अक्षताने विचारल्यावर त्यांनी फोनच ठेवून दिला.

गवळी सरांचा फोन मात्र खुशीचा होता. "मॅडम, अकरा वर्षांनी वर्गात पोरांना वेळेवर उत्तर दिलं! आधी माझा विनोद निघेपर्यंत पोरं दुसऱ्या धड्यावर गेलेली असायची. आता हे बदलू नका हं."

विभागप्रमुख डॉ. शिंत्रेबाई तळघरात उतरून आल्या. "अक्षता, माणसं न बोललेलं बोलायला लागली आहेत. हा काय प्रकार आहे?"

"शोधतेय, डॉक्टर."

आणि ती खरोखर शोधत होती. कार्ड, मेमरी, जाळं, सगळं तपासलं. कुठे चूक नाही. बुधवारी दुपारी तपासणीला आलेल्या एका पेशंटच्या पट्टीकडे बघताना तिला जाणवलं की काहीतरी कमी आहे. पट्टीवर दोन दिवे असत. शब्द पोचला की हिरवा, स्नायूंकडून आलेली खूण कमजोर म्हणून सर्व्हरने टाकून दिली की पिवळा. जुन्या सर्व्हरवर पिवळा दिवा दिवसभर लुकलुकत असे. तिकडे लक्ष देऊ नका, असं पेशंटला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. अपडेटनंतर पिवळा दिवा कुणाच्याच गळ्यावर लागलेला नव्हता.

तिथून पुढे गाठ सुटायला वेळ लागला नाही. जुना ड्रायव्हर आळशी होता. आलेल्या खुणा तो लगेच देत नसे. एक गठ्ठा पुरा भरेपर्यंत थांबे आणि मग सगळा एकदम पुढे सरकवे. आता माणूस बोलतो कसा, तर ओठावर येतं त्यातलं निम्मं तो परत घेतो. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो आणि अर्ध्या क्षणात, छे, नको, म्हणून मागे फिरवतो. गठ्ठ्यामध्ये सोडलेला हुकूम आणि मागे घेतलेला हुकूम शेजारी शेजारी असत. प्रोग्रामला वाटे, हा नुसता गोंगाट. तो टाकून देई आणि पिवळा दिवा लागे. नवा ड्रायव्हर तत्पर. खूण आली की दिली. मागे घ्यायचा हुकूम येईपर्यंत शब्द बाहेर पडलेला असे.

म्हणजे एका बुडालेल्या कंपनीच्या आळशी ड्रायव्हरने अकरा वर्षं जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांची अब्रू राखली होती, आणि त्याचा कुणाला पत्ताही नव्हता. तोडगाही सोपा होता. नव्या ड्रायव्हरमध्ये थांबण्याचा काळ ठरवायची सोय होती. एक आकडा बदलायचा, बस्स. मात्र आकडा बदलला की तो त्या अख्ख्या खोक्याला लागू होणार, एका बिऱ्हाडापुरता नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच करू, उद्या सकाळी सांगू, असं म्हणून ती घरी निघाली.

आण्णा सूर्यास्ताआधी जेवत. जन्मभराचा नेम. आज तीही वेळेत पोचली होती म्हणून दोघं समोरासमोर बसली. खिडकीतून ताटावर तिरपं ऊन पडलं होतं.

"ते करारावर सही करायचं म्हणतेय," ती भाकरी मोडत म्हणाली. "तुम्ही काय म्हणता?"

"जाऊ नको—" पट्टी म्हणाली आणि श्वासही न घेता पुढे, "सही कर आणि धाडून दे की. तीन वर्सं काय, आत्ता जातील."

आण्णांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"हे यंत्र तुझं काय बी बरळाय लागलंय."

"हो. बिघाड आहे," अक्षता म्हणाली. "दुरुस्त करणार आहे."

गुरुवारी सकाळी डॉ. शिंत्र्यांनी विचारलं, "सापडलं का काही?"

"अजून नाही," अक्षता म्हणाली.

असं खोटं ती नोकरीत पहिल्यांदाच बोलली. पण आता तिला ऐकायचं होतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात मनातलं ओठावर येऊ दिलं नाही, त्याच्या मनाचं दार आपोआप किलकिलं झालं होतं. ते आपल्याच हाताने लावायचं? एक दिवस, तिने स्वतःला बजावलं. एकच.

त्या संध्याकाळी ती आण्णांशेजारी सोप्यात जाऊन बसली. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी पोरगी आज गप्पा मारायला बसली, म्हणून आण्णा आधी खूश झाले.

"आईची आठवण येते का हो?"

"रोज—" पट्टी म्हणाली, "आता काय त्याचं."

तिथेच थांबायला हवं होतं. पण हावेला कुठे तळ असतो?

"मी इंजिनिअर झाले ते आवडलं होतं ना तुम्हाला?"

"दुकान हातचं गेलं त्यात— आवडलं की. लई आवडलं."

ती हसली, पण आतून गार पडली. आण्णांनी तोंड फिरवलं. यापुढे तिने काहीही विचारलं तरी ते नुसती मान हलवत होते, आणि ती मात्र काही ना काही विचारतच होती. शेवटी ते उठून आत गेले. जाताना म्हणाले, "झोप जा. दमलीयास." त्यातलं 'झोप जा' आधी आलं की 'दमलीयास', आणि त्याआधी आणखी काही होतं का, हे ती अंथरुणावर पडून घोळवत राहिली. झोप काही लागली नाही.

शुक्रवार हा आण्णांचा बाजाराचा दिवस.

गुळाचे सौदे आता बहुतेक पडद्यावर होत. आण्णांचं दुकानही पुतण्या तसंच चालवे. पण शुक्रवारी आण्णा स्वतः येत आणि जुन्या रीतीने, रुमालाखाली सौदा काढत. उजव्या हातावर पांढरा रुमाल टाकायचा. घेणारे एकेक करून पुढे येतात, रुमालाखाली हात घालतात आणि आडत्याची बोटं दाबून आपला भाव सांगतात. कुणी किती म्हटलं ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. सगळ्यांचे हात येऊन गेले की आडत्या सगळ्यात चढा भाव तेवढा पुकारतो. बाकीचे आकडे त्याच्या पोटात राहतात, मरेपर्यंत. चार पिढ्यांचे व्यापारी भूपाल मगदुमांच्या हातात डोळे मिटून हात देत, ते याच भरवशावर.

अक्षता पट्टीची जादा बॅटरी द्यायला दुकानी पोचली तेव्हा सौदा रंगात आला होता. गुळाच्या ढेपांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. समोर जयंतीभाई होते, गुजरातला गूळ पाठवणारे, आण्णांचे जुने दोस्त. त्यांनी रुमालाखाली हात सारला, बोटं दाबली.

आण्णांना एक सवय होती. प्रत्येकाचा आकडा ते मनातल्या मनात एकदा घोकत, म्हणजे विसरायला नको. आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"ब्याण्णवशे!" पट्टी गरजली. खणखणीत, सौद्याच्या आवाजात.

माश्यांचं घोंघावणं तेवढं ऐकू येत राहिलं. मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेतल्या पुढच्या व्यापाऱ्याने घाईघाईने हात रुमालाखाली घातला. आता तो ब्याण्णवशेच्या वर एवढंसं चढवणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

जयंतीभाईंनी हात पुसला. चिडले नाहीत, तेच वाईट झालं. "आण्णा, तीस वर्सं या रुमालात हात दिला. बायकोला ठाव नसतील ते आकडे तुम्हाला ठाव. आज चारचौघात उघडं पाडलंसा व्हय?"

आण्णांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता आपल्या तोंडून काय निघेल त्याची त्यांना भीती वाटली असणार. त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले, पट्टी सोडली, शेजारच्या ढेपेवर ठेवली. रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. मग गर्दीतून वाट काढत ते निघाले. अक्षताच्या अंगावरून गेले तरी त्यांनी तिला पाहिलं नाही. ती बॅटरी हातात धरून तिथेच उभी राहिली. हे मी केलं, एवढंच तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं होत होतं. बुधवारी आकडा बदलला असता, तर शुक्रवार सरळ गेला असता.

ढेपेवरची चिकट पट्टी उचलून ती तडक डॉ. शिंत्र्यांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बिघाड कधी सापडला तेही, का लपवला तेही.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझीही नव्हती."

"बोलू त्यावर नंतर. आता पुढे काय? मागे फिरायचं?"

"जुनं लावलं तर जाळ्यातून बाहेर काढतील. नव्यातच थांब घालता येते. पण ती सगळ्यांना लागणार आणि गवळी सरांसारख्यांचा हिरमोड होईल." अक्षताने श्वास घेतला. "खोकी दोन आहेत. एक सावकाश ठेवू, एक जलद. ज्याने त्याने आपलं ठरवावं."

"आणि एक खोकं बंद पडलं तर? आज दुसरं त्याचा भार उचलतं."

"तेव्हा दोन्हींचा भार एकालाच उचलावा लागेल, त्याच्या चालीने. थोडा वेळ कुणी जास्त बोलेल, कुणी उशिरा. मुकं कुणी होणार नाही."

डॉक्टरांनी मान्य केलं. दुपारभर तिने आधी सगळ्यांना सावकाश खोक्यावर हलवलं आणि मग एकेकाला फोन लावला. गवळी सरांनी वाक्य पुरं व्हायच्या आत जलद मागून घेतलं. उचगावच्या गृहस्थांनी सावकाशाच्याही पलीकडे काही आहे का ते विचारलं. मालनबाईंना ती सावकाशच धरून चालली होती.

"त्ये फटकन बोलणारं हाय न्हवं, तेच राहू दे मला," मालनबाई म्हणाल्या.

"अहो, विहीणबाई रागावल्या ना?"

"रागावू दे की! साठ वर्सं गिळलंय बाई. आता पोटात जागा न्हाई."

आता एकच पेशंट विचारायचा उरला होता.

ती घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आण्णा सोप्यात बाकावर बसले होते. ताट झाकून ठेवलेलं होतं, जेवले नव्हते. तिने पट्टी कोमट पाण्याने पुसून आणली होती. ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली.

"थांब घातलीय, आण्णा. पहिल्यासारखी. बघा तरी."

त्यांनी घेतली नाही. मग ती खाली, त्यांच्या पायाशी बसली आणि पट्टी मांडीवर ठेवून बोलू लागली. "मला बुधवारीच कळलं होतं. त्याच दिवशी बंद करता आलं असतं. मी केलं नाही. तुम्ही जाऊ नको म्हणालात ना, मग मला आणखी ऐकायचं होतं. तुम्ही काय काय गिळता ते. मी चोरून ऐकत बसले, तुम्हाला न सांगता. आणि बाजारात तुमची—"

मग मांडीवरची पट्टी उचलली गेली. आण्णांनी ती गळ्याला बांधली. पिवळा दिवा लुकलुकला, विझला. पुन्हा लुकलुकला, विझला. तिच्यावरचा राग त्या दोन लुकलुकण्यांत असणार. तो बाहेर आला नाही.

अर्ध्या क्षणाच्या थांबेनंतर आवाज आला. "शब्द गिळाय शिकाय मला उभा जन्म लागला. तू एका अपडेटात काढून घेतलंस."

ती रडू लागली. आण्णांनी रडू दिलं. सौद्याच्या आवाजात समजूत घालणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मग खरं कुठलं हो?" तिने नाक पुसत विचारलं. "जा, की जाऊ नको?"

"सौद्यात धा हात येत्यात रुमालाखाली," आण्णा म्हणाले. "सगळे खरेच असत्यात की. खोट्या भावानं हात कोण घालंल? पर मी पुकारतो एकच. त्यो माझा शब्द. बाकीचे रुमालातच राहत्यात."

"दुकान हातचं गेलं, तो पण एक हात होता?"

"व्हता." थांब. "चढा न्हवता."

ती रडता रडता हसली. जरा वेळाने तिने विचारलं, "डॉक्टरांनी सगळ्यांना विचारायला सांगितलंय. तुम्हाला कुठल्या खोक्यावर ठेवू?"

"सावकाश. ह्यो काय इचारायचा सवाल झाला? उद्या जयंतीभाईकडं जायचंय मला. त्याच्यापुढं नीट बोलाय पायजे."

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, उजव्या हातावर पसरला आणि हात तिच्यापुढे केला.

लहानपणी हा तिचा आवडता खेळ होता. जत्रेत किती वेळा पाळण्यात बसायचं ते रुमालाखाली ठरायचं, आईला न कळू देता. ती आता चाळिशीला आली होती. तिने हात रुमालाखाली सारला. आण्णांचा हात गुळाच्या ढेपेसारखाच राठ आणि उबदार होता. तिने त्यांची तीन बोटं धरून दाबली. तीन वर्षं.

आण्णांनी तिचं एक बोट दाबलं.

तिने मान हलवली. पुन्हा तीन. कंपनीचा करार तीनचा आहे, हे काही बोटांनी सांगता येईना. आण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते, कसलेल्या आडत्यासारखे, चेहऱ्यावर काही नाही. हात काढून घेतला की सौदा मोडतो. त्यांनी काढला नाही. तिनेही नाही. गल्लीतून कुणीतरी स्कूटरवरून गेलं. मग तिने हळूच एक बोट सोडलं. दोन. कंपनीशी भांडेन, ती मनात म्हणाली, दोन वर्षांवर आणेनच.

रुमालाखाली आण्णांची मूठ तिच्या हातावर गच्च मिटली. सौदा पटल्याची ती खूण. तेवढ्यावर सोडायची रीत असते. आण्णांनी सोडली नाही.

पट्टीवर पिवळा दिवा लागला. लुकलुकत राहिला, एखादं पुरं वाक्य व्हावं इतका वेळ. अक्षताने तो पाहिला आणि मान वळवून ती अंगणातल्या उतरत्या उन्हाकडे बघू लागली.

दिवा विझला. आण्णांनी रुमाल खांद्यावर टाकला, घसा नसलेला माणूस घसा खाकरतो तशी मान झटकली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "जा!"